मानेचं ऑपरेशन, जागेपणी

डाव्या डोळ्यासमोर वरून खाली करडा पडदा सरकत आला, तेव्हा मी पेपर वाचत होतो. आधी बातमीचा मथळा गेला, मग मजकूर, मग सगळंच. दुखलं नाही, ठणकलं नाही, चक्करही नाही. मी एकेक डोळा झाकून पाहिला. उजवा झाकला की अंधार, डावा झाकला की अक्षरं स्वच्छ. काही मिनिटांत पडदा आला तसाच विरून गेला.

हे डोळे झाकून बघणं मला सहज सुचलं होतं. पण पुढे ज्या ज्या डॉक्टरांसमोर बसलो, त्या प्रत्येकाने पहिल्यांदा तेच विचारलं. एकाच डोळ्याची नजर गेली असेल तर बिघाड त्या डोळ्यात किंवा त्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिनीत असतो. दोन्ही डोळ्यांना एकाच बाजूचं अर्धं दिसेनासं झालं, तर बिघाड मागे, मेंदूत. त्या दोन मिनिटांत तुम्ही काय पाहिलं, याची साक्ष तुमच्याशिवाय कोणी देऊ शकत नाही. डॉक्टर तपासतात तोवर सगळं जागच्या जागी आलेलं असतं.

"अहो, चष्मा पुसा आधी," असं म्हणत म्हणतच बायको चपला घालून तयार झाली होती. आम्ही थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी थेंब घालून बाहुली मोठी केली, बराच वेळ आत पाहिलं आणि मग बाजूला होऊन त्यांच्या शिकाऊ डॉक्टरला बघायला सांगितलं. दुसऱ्या माणसाला बोलावलं जातं, तेव्हा पेशंटला कळतं की काहीतरी सापडलंय. डोळ्याच्या आतल्या पडद्यावरच्या, म्हणजे रेटिनावरच्या, एका बारीक धमनीला जिथे फाटा फुटतो, तिथे एक चकचकीत पिवळसर कण अडकला होता. कोलेस्टेरॉलचा स्फटिक. मेयो क्लिनिकच्या रॉबर्ट हॉलेनहॉर्स्ट यांनी १९६१ मध्ये याचं महत्त्व दाखवून दिलं आणि आजही तो कण त्यांच्याच नावाने ओळखला जातो. हे मी नंतर वाचलं. तेव्हा डॉक्टर एवढंच म्हणाले, "डोळा ठीक आहे तुमचा. हा कण खालून आलाय, मानेतून. इथून घरी जाऊ नका. स्ट्रोकचं युनिट असलेल्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा, आत्ताच. मी फोन करून ठेवतो."

मानेत दोन्ही बाजूंना कॅरोटिड नावाच्या मोठ्या धमन्या असतात. जबड्याच्या कोनाखाली बोटं ठेवली की जी नाडी लागते, ती हीच. तिथेच आसपास ती दुभंगते. बाहेरची शाखा चेहऱ्याकडे जाते, आतली मेंदूकडे. आतल्या शाखेपासून वाटेत डोळ्याला रक्त नेणारी फांदी निघते, म्हणून मानेतला कचरा कधी डोळ्यात जातो, कधी मेंदूत. दुभंगण्याच्या जागी रक्ताला भोवरे पडतात आणि वर्षानुवर्षं तिथेच चरबीचा थर साठत जातो. माझा डाव्या बाजूला साठला होता.

कॅज्युअल्टीतल्या रेसिडेंट डॉक्टरने मला जवळजवळ उलटतपासणीलाच घेतलं. बोलताना शब्द अडला का? तोंड वाकडं झालं का? हात? हातावर मी थांबलो. त्याच आठवड्यात सही करताना उजव्या हातातलं पेन गळून पडलं होतं आणि थोडा वेळ बोटं पराक्यासारखी वाटली होती. त्याने मान डोलावली. डावी धमनी, डावा डोळा, उजवा हात. मेंदूचा डावा भाग शरीराची उजवी बाजू चालवतो, पण डोळ्याला रक्त त्याच बाजूचं जातं. दोन तक्रारी दोन विरुद्ध बाजूंना, गुन्हेगार एकच.

एमआरआयमध्ये डाव्या मेंदूत दोन पांढरे ठिपके दिसले. म्हणजे पेन पडलं तेव्हा काही पेशी कायमच्या गेल्या होत्या. मला ते ठिपके बघून जेवढी भीती वाटली, तेवढी नंतर ऑपरेशन टेबलावरही वाटली नाही. तिथेच ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचे मोठे डोस दिले, कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिनची गोळी सुरू केली आणि ॲडमिट करून घेतलं. असा झटका येऊन गेला की पुढच्या मोठ्या झटक्याचा धोका पहिल्या दोन दिवसांत सगळ्यात जास्त असतो. २००७ साली ऑक्सफर्डमधल्या एका अभ्यासात अशा पेशंटना लगेच तपासून लगेच औषधं सुरू केली, तेव्हा तीन महिन्यांतले स्ट्रोक दहा टक्क्यांवरून दोन टक्क्यांवर आले. औषधं तीच, नेहमीची, स्वस्त. फरक फक्त लवकर देण्याचा.

मानेचा कलर डॉपलर ही तपासणी मला आवडली. थंड जेल, मानेवर फिरणारा प्रोब आणि स्पीकरमधून येणारा आपल्याच रक्ताचा हूं-हूं आवाज. उजवीकडे तो खर्जातला आणि निवांत होता. डावीकडे एका जागी एकदम चिरका झाला. वाट अरुंद झाली की रक्त तिथून जोरात सुसाटतं. सेकंदाला २३० सेंटिमीटरच्या वर वेग गेला तर सत्तर टक्के किंवा जास्त ब्लॉक धरतात. माझा आकडा त्याच्या बराच वर होता. मग सीटी अँजिओग्राफी झाली आणि ब्लॉक ऐंशी टक्क्यांच्या घरातला ठरला.

आता खरी अडचण सुरू झाली. मला काहीही होत नव्हतं. मी वॉर्डात फेऱ्या मारत होतो, शब्दकोडं सोडवत होतो, शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांना पाणी देत होतो. त्यांची उजवी बाजू गेली होती, बोलणं बंद होतं. आणि मला सांगत होते की मान उघडून, मेंदूला जाणारी धमनी चिमटा लावून बंद करून, चिरून, साफ करून परत शिवायची. पोटात गोळा उठला म्हणून, पाय मोडला म्हणून माणूस ऑपरेशनला तयार होतो. इथे धडधाकट माणसाने सही करायची होती. वर त्या फॉर्मवर पहिल्याच ओळीत धोका लिहिलेला: स्ट्रोक. जे टाळायचं, तेच.

मी आयुष्यभर ऑडिट केलं आहे. आकडा ऐकला की मी विचारतो, कितीपैकी? व्हॅस्क्युलर, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या, सर्जन मॅडमना मी तेच विचारलं आणि त्यांना राग आला नाही, उलट त्या खुर्ची ओढून बसल्या. माझ्यासारख्या पेशंटवरचा सगळ्यात गाजलेला अभ्यास उत्तर अमेरिकेतला, १९९१ सालचा. सत्तर टक्क्यांच्या वर ब्लॉक आणि लक्षणं येऊन गेलेली. नुसत्या औषधांवर ठेवलेल्या शंभरांतल्या २६ जणांना दोन वर्षांत त्या बाजूचा स्ट्रोक झाला. ऑपरेशन केलेल्यांत ९ जणांना, आणि त्या नऊमध्ये ऑपरेशनमुळेच झालेलेही धरलेले. फरक इतका ढळढळीत होता की या गटापुरता अभ्यास मुदतीआधी थांबवावा लागला.

"पण तेव्हाची औषधं आणि आताची औषधं?" मी म्हणालो.

"बरोबर आहे. आज औषधांवरचे २६ कमी होतील. म्हणून ब्लॉक दिसला की काप, असं आम्ही करत नाही. पण तुमचा ब्लॉक मोठा आहे, तक्रार ताजी आहे, मेंदूत ठिपके आहेत आणि वय सत्तरीकडे झुकलंय. तुम्ही वरच्या धोक्यातले आहात."

"आणि तुमचे स्वतःचे आकडे?"

हा प्रश्न प्रत्येकाने विचारावा असं माझं ठाम मत आहे. जागतिक अभ्यासातला सर्जन तुमचं ऑपरेशन करणार नसतो. लक्षणं येऊन गेलेल्या पेशंटमध्ये ऑपरेशनमुळे होणारे स्ट्रोक आणि मृत्यू मिळून सहा टक्क्यांच्या आत हवेत, हा सर्वमान्य दंडक आहे. मॅडमनी आपल्या युनिटचं रजिस्टर काढून दाखवलं. दंडकाच्या बरंच आत होतं. रजिस्टर ठेवलेलं आहे, हेच मला निम्मं पटलं.

मुलगी स्टेंटच्या, म्हणजे धमनी आतून उघडी ठेवणाऱ्या जाळीच्या, बाजूने होती. "बाबा, मांडीतून नळी घालतात, मानेवर चिरा नाही, काही नाही." तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. २०१० सालच्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात दोन्ही उपचार एकूणात सारखे ठरले. फक्त उपचाराच्या आसपासच्या दिवसांत स्टेंटवाल्यांत स्ट्रोक जास्त आणि चिरफाडवाल्यांत हार्ट अटॅक जास्त. पण सत्तरीच्या पुढे तराजू ऑपरेशनकडे झुकतो, कारण म्हाताऱ्या, वाकड्यातिकड्या, थर साठलेल्या वाहिन्यांतून तार नेतानाच कचरा सुटू शकतो. माझी महाधमनीची कमान सीटीत चांगलीच खडबडीत दिसत होती. हृदय मात्र ठणठणीत. निर्णय झाला.

मग तारखेचा घोळ. आधी एका दुसऱ्या ठिकाणी मत घ्यायला फाइल पाठवली होती, तिथून उत्तर आलं की करू या, घाई नाही, दोन-अडीच महिन्यांनंतरची तारीख देतो. मी ते मॅडमना दाखवलं. त्यांनी एकच आकडा सांगितला. झटक्यानंतर दोन आठवड्यांच्या आत ऑपरेशन केलं तर पाच जणांमागे एक स्ट्रोक टळतो. बारा आठवड्यांनंतर केलं तर एक टाळायला सव्वाशे जणांना कापावं लागतं. २००४ मध्ये जुन्या अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला तेव्हा हे निघालं. पाच आणि एकशे पंचवीस! चाकू तोच, धोका तोच, फायदा मात्र उडून गेलेला. "घाई नाही" म्हणणाऱ्यांच्या तारखेला मला ऑपरेशनचा धोका तेवढा पत्करायला लागला असता.

भूल कशी द्यायची, हा प्रश्न उरला होता. भूलतज्ज्ञ तरुण होता, मला काका म्हणायचा. त्याने दोन्ही बाजू सांगितल्या. पूर्ण झोपवूनही करतात आणि मान बधिर करून जागेपणीही करतात. साडेतीन हजार पेशंटवरच्या अभ्यासात २००८ साली दिसलं की निकालात म्हणावा असा फरक नाही. "मग?" मी विचारलं. "चिमटा लावल्यावर उजव्या बाजूने येणारं रक्त डाव्या मेंदूला पुरतंय का, ते कळायला हवं. झोपवलं तर यंत्रांवरून अंदाज बांधायचा. जागे असाल तर तुम्हीच सांगाल." हे माझ्या डोक्याला पटलं. पुराव्याची नक्कल कशाला, मूळ कागदच समोर असताना.

ऑपरेशनच्या दिवशी आधी मानेत इंजेक्शनं दिली. ती टोचतात, गोड बोलून सांगायचं काही कारण नाही. कानापासून खांद्यापर्यंतचा भाग जड, मग परका झाला. डाव्या मनगटाच्या धमनीत सुई घालून ब्लडप्रेशर सतत दिसेल अशी सोय केली. उजवा हात मोकळा ठेवला आणि त्यात एक रबरी बदक दिलं. दाबलं की चूं करणारं. मला आधी थट्टाच वाटली. "काका, मी 'दाबा' म्हटलं की दाबायचं. आवाज आला म्हणजे डावा मेंदू ऐकतोय, समजतोय आणि हात चालवतोय. एवढं सगळं एका चूंमध्ये." चेहऱ्यावरून पारदर्शक प्लास्टिक तंबूसारखं वर उचललं होतं. पलीकडे मॅडम आणि त्यांचे सहकारी, अलीकडे मी, तो आणि बदक.

चिरलेलं कळलं नाही, ओढलेलं कळलं. आणि एक गोष्ट मला कोणी आधी सांगितली नव्हती: मान उघडी ठेवायला जो हुक लावतात, तो जबड्यापाशी रुततो आणि डावीकडच्या खालच्या दाढा भयंकर ठणकतात. दात उपटतायत की काय असं वाटावं. मी बोललो, त्यांनी तिथे औषध टोचलं, ठणका गेला. थोड्या वेळाने मॉनिटरची टकटक मंदावली आणि सगळे क्षणभर थांबले. दुभंगण्याच्या जागीच ब्लडप्रेशरची जाणीव ठेवणारा एक भाग असतो. त्याला बोट लागलं की हृदय सावकाश चालायला लागतं. तिथेही एक टोचणी, आणि गाडी पूर्ववत.

मग रक्त न गोठण्यासाठी हेपारिन दिलं. ब्लडप्रेशर मुद्दाम थोडं चढवलं, म्हणजे उजवीकडून रक्त जोर लावून पलीकडे जाईल. मॅडम म्हणाल्या, "क्लॅम्प." घड्याळात वेळ मोठ्याने सांगितली गेली.

"दाबा." चूं.

"शंभरातून सात-सात वजा करत या." त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी. मी ऑडिटर आहे, हे त्याला माहीत असावं. "दाबा." चूं. "आज कोणता वार?" सांगितला. "जीभ बाहेर काढा." काढली.

पहिली तीन-चार मिनिटं निर्णयाची. हात ढिला पडला असता किंवा जीभ अडखळली असती, तर धमनीत तात्पुरती नळी, शंट, घालून रक्त वळवायचं. जागेपणी ऑपरेशन होणाऱ्या दहातल्या साधारण एकालाच ती लागते. मला लागली नाही. माझ्या मेंदूच्या तळाशी दोन्ही बाजूंना जोडणारं वाहिन्यांचं कडं शाबूत होतं. ते सगळ्यांचं पूर्ण नसतं. काहींची एखादी कडी जन्मतःच बारीक किंवा गायब असते.

पुढचा पाऊणएक तास मी बदक दाबत होतो. मध्येच पाठ अवघडली, लघवीला लागल्यासारखं झालं, नाकाला खाज सुटली आणि ती खाजवता येईना. जागेपणीच्या ऑपरेशनचा खरा त्रास हा असला किरकोळ असतो. आणि ऐकू येतं सगळं. "हा बघ कसा निघतोय अख्खा," असं मॅडम कोणाला तरी म्हणाल्या, तेव्हा मला उगाच अभिमान वाटला. थर सोलून काढला, कडा नीट केल्या, मग शिवताना धमनी पुन्हा अरुंद होऊ नये म्हणून चिरेवर ठिगळ बसवलं.

सोडतानाचा क्रम मला फार आवडला. चिमटे एकदम काढत नाहीत. आधी रक्त बाहेरच्या शाखेत सोडतात. आत एखादा बुडबुडा किंवा कण राहिला असेल तर तो चेहऱ्याकडे जाऊ दे, जिथे फारसं बिघडत नाही. काही ठोके गेले की मगच मेंदूकडची वाट उघडतात. एवढ्याशा क्रमात केवढी अक्कल आहे. १९५३-५४ च्या सुमारास ह्यूस्टनला मायकेल डबेकी यांनी आणि लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलच्या सर्जननी ही वाट पहिल्यांदा चालून पाहिली, तेव्हा लंडनवाल्यांनी मेंदू जपायला पेशंटचं शरीर थंड केलं होतं. माझ्या वाट्याला बदक आलं.

थर त्यांनी मला बाटलीत दाखवला. वाय आकाराचा, जुन्या मेणासारखा पिवळा, एका जागी खड्डा पडलेला, आणि त्या खड्ड्यात काळसर रक्ताची गुठळी चिकटलेली. डोळ्यात गेलेला कण इथूनच निसटलेला. बायकोने एकदा बघितलं आणि म्हणाली, "पुरे."

रात्र एचडीयूत, म्हणजे सतत लक्ष ठेवणाऱ्या वॉर्डात, गेली. दर थोड्या वेळाने हसा, जीभ काढा, दोन्ही हात उचला. याच भागातून जिभेची, आवाजाची आणि ओठाच्या कोपऱ्याची नस जाते, आणि ओढाताणीत त्या दुखावू शकतात. मानेत रक्त साठून सूज आली तर श्वासनलिका दाबली जाते, म्हणून नर्स बँडेजच्या कडेला पेनाने रेघ मारून गेली. सूज रेघेपलीकडे सरकतेय का, हे बघायला. ब्लडप्रेशर, जे टेबलावर चढवलं होतं, ते आता कसोशीने खाली ठेवलं. वर्षानुवर्षं कमी रक्ताची सवय झालेल्या मेंदूत अचानक पूर्ण धार आली तर तो ती झेलू शकत नाही. डोकं फुटेल असं दुखतं, फिट येऊ शकते, रक्तस्राव होऊ शकतो. हा धोका घरी गेल्यावरही काही दिवस असतो. म्हणून डिस्चार्जच्या कागदावर सगळ्यात वर लिहिलं होतं: जोराची डोकेदुखी झाल्यास वाट पाहू नये. घरी बीपीचं मशीन आणि वही, सकाळ-संध्याकाळ.

आवाज काही आठवडे घोगरा होता. कानाची पाळी आणि जबड्याची कड अजून बधिर आहे. त्वचेच्या नसा चिऱ्यात जातात, थोडं परत येतं, थोडं नाही. दाढी करताना तिथे कापलं तर कळत नाही, आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्याने थांबतही नाही. मी इलेक्ट्रिक शेव्हर घेतला. एवढ्यावर निभावलं.

लोकांना वाटतं, ऑपरेशन झालं, सुटलो. मॅडमनी ते पहिल्याच भेटीत मोडून काढलं. त्यांनी एका जागचा थर काढला होता, थर साठवणारा माणूस तोच होता. क्लोपिडोग्रेल त्यांनी ठरलेल्या मुदतीनंतर बंद केली. ॲस्पिरिन आणि स्टॅटिन कायमची. सिगारेट मी बऱ्याच वर्षांपूर्वी सोडली होती, तिचं श्रेय आणि तिचा दोष दोन्ही खात्यावर आहेत. ठरावीक काळाने डॉपलर, कारण शिवलेल्या जागी पुन्हा अरुंदी येऊ शकते.

अलीकडच्या डॉपलरमध्ये डावीकडचा आवाज खर्जात आलेला ऐकला. उजवीकडे मात्र पन्नास टक्क्यांच्या आसपास ब्लॉक निघाला. तोही काढून टाकू या का, असं मुलीने विचारलं. मॅडम नाही म्हणाल्या. त्या बाजूने कधी तक्रार केलेली नाही आणि ब्लॉक निम्माच आहे. तिथे ऑपरेशनचा धोका नक्की आणि फायदा अंधूक. गोळ्या, बीपी, चालणं. "पण उजव्या डोळ्यापुढे पडदा आला, डावा हात किंवा पाय ढिला पडला, तोंड वाकडं झालं, अगदी दोन मिनिटांत बरं झालं तरी," त्या म्हणाल्या, "त्याच तासाला कॅज्युअल्टीत या. अपॉइंटमेंट घेत बसू नका."